मर्यादवेल : वाडीच्या पुढची पहिली वई

बेंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथून पश्चिम किनारा गाठावयाचा तर घाट उतरून साडेतीनशे किलोमीटरांचा प्रवास करावा लागतो. तरीही कोकणच्या किनारी वाळूचा एक महत्त्वाचा अभ्यास याच शहरातील भूवैज्ञानिकांनी केला आहे. सी. पी. राजेंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात, भारजा नदीच्या मुखाशी असलेल्या केळशी गावातील किनारी थर तपासले. १५२४ साली या किनाऱ्यावर त्सुनामी येऊन गेली असावी, असा निष्कर्ष त्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात मांडला. त्याच वर्षी वास्को द गामाचा ताफा दाभोळच्या परिसरात असताना समुद्र अकस्मात खवळल्याची नोंद पोर्तुगीज साधनांत आढळते. केळशीच्या वाळूच्या टेकडीचा अभ्यास त्यापूर्वी पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातील पुरातत्त्वज्ञांनीही केला होता.

या संशोधनाचा शेतीशी संबंध काय, असा प्रश्न वाचकास पडणे स्वाभाविक आहे. संबंध वाळूच्या स्थिर राहण्याशी आहे. सुटी वाळू वाऱ्याबरोबर रोज जागा बदलते. मग पुळणीमागची टेकडी पिढ्यानपिढ्या एके ठिकाणी कशी टिकते, आणि तिच्या आडोशाला नारळ-सुपारीची वाडी कशी उभी राहते? या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग टेकडीच्या समुद्राकडील उतारावर पसरलेल्या एका जांभळ्या फुलांच्या वेलीत आहे. ही वेल म्हणजे मर्यादवेल. काही ठिकाणी तिला समुद्रवेल असेही म्हणतात.

मर्यादवेल हे नाव अर्थपूर्ण आहे. समुद्राने येथवर यावे, याच्या पुढे येऊ नये, अशी रेघ ही वेल आखते, असा किनाऱ्यावरील लोकांचा अनुभव या नावात साठवलेला दिसतो. वेलीची समुद्राकडील कड पाहून भरतीची कमाल रेषा ओळखता येते. ज्या पट्ट्यात नेहमीच्या भरतीचे पाणी चढते तेथे ती टिकत नाही, आणि त्या पट्ट्याच्या लगेच वर पहिली वसाहत बहुधा तिचीच असते. शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-काप्रे. ‘पेस-काप्रे’ म्हणजे शेळीचे पाऊल. पान टोकाशी दुभंगलेले असते आणि शेळीच्या खुराच्या ठशासारखे दिसते, त्यावरून हे नाव पडले. लिनियसने १७५३ मध्ये या वनस्पतीचे वर्णन केले, तेव्हा तिचे वसतिस्थान म्हणून भारताचाच उल्लेख केला होता. त्याच्याही आधी, १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथात ही वेल तिच्या मलबारी नावाने चित्रासह आली आहे. त्या ग्रंथासाठी माहिती पुरविणाऱ्यांत केरळचे वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी पंडित होते, हे गोवा-कोकणच्या वाचकांना मुद्दाम सांगण्याजोगे आहे.

रताळे, नाळीची भाजी, कुंपणावरील गारवेल आणि तलावाकाठचा बेशरम ही सर्व मर्यादवेलीची जवळची भावंडे. मात्र गुणांनी ही वेल त्यांच्याहून फार वेगळी आहे, आणि हा वेगळेपणा न ओळखल्यामुळे तिचे बरेच नुकसान झाले आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

वाळू धरून ठेवण्याची रीत

मर्यादवेल बहुवर्षायू आहे. जाड सोटमूळ वाळूत खोलवर उतरते आणि त्यापासून निघालेले धावते खोड दहा-वीस मीटरपर्यंतही जमिनीसरपट पसरते. खोडाच्या प्रत्येक पेऱ्याला मुळे फुटू शकतात. त्यामुळे एका रोपापासून सुरू झालेली वेल थोड्याच काळात शेकडो जागी वाळूला खिळलेली असते. लाटेने मधला भाग तोडून नेला तरी दोन्ही बाजूंचे तुकडे स्वतंत्र रोपांप्रमाणे वाढत राहतात.

वाळू अडविण्याची क्रिया साधी, पण परिणामकारक आहे. समुद्रावरून येणारा वारा वाळूचे कण उचलून फार उंच नेत नाही. बहुतेक कण जमिनीलगत, उड्या मारीत पुढे सरकतात. नेमक्या त्याच उंचीवर मर्यादवेलीची जाड, गुळगुळीत पाने आणि गुंतलेली खोडे असतात. तेथे वाऱ्याचा वेग मंदावतो आणि कण खाली पडतात. वेलीभोवती वाळू साचत जाते व वेल अर्धवट गाडली जाते. अन्य बहुतेक वनस्पती अशा वेळी गुदमरून मरतात. मर्यादवेल मात्र वाळूच्या नव्या थरातून वर येते, गाडल्या गेलेल्या पेऱ्यांना मुळे फुटतात आणि वरच्या पेऱ्यांतून नवे धुमारे निघतात. वाळू चढते तशी वेल चढते व वेल चढते तशी टेकडी वाढते.

जमिनीखालचे कामही दुर्लक्षिण्याजोगे नाही. किनारी वाळूत सेंद्रिय पदार्थ जवळजवळ नसतात आणि स्फुरदाची टंचाई असते. मंगळूर विद्यापीठातील के. आर. श्रीधर व सहकाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्यावरील टेकड्यांच्या वनस्पतींचा अभ्यास करून त्यांच्या मुळांवरील सहजीवी बुरशीच्या विविधतेची नोंद केली आहे. गोवा विद्यापीठातही अशा स्वरूपाचे काम झाले आहे. शेतकऱ्यांना ‘मायकोरायझा’ या नावाने परिचित असलेली हीच बुरशी. ती वेलीला अन्नद्रव्ये मिळवून देते आणि तिचे बारीक तंतू वाळूचे सुटे कण एकमेकांशी बांधतात. बाजारात पाकिटातून मिळणारी गोष्ट येथे निसर्गतः चालू असते.

फुले नरसाळ्याच्या आकाराची, गुलाबी-जांभळी असतात. ती सकाळी उमलतात आणि दिवस मावळण्याच्या आत मिटतात. स्वतःच्या परागांवर या वेलीला फळ धरत नाही, दुसऱ्या वेलीचे पराग लागतात. ते काम मधमाश्या आणि भुंगे करतात. पानाच्या देठाच्या टोकाशी मधुग्रंथींची जोडी असते. तिच्या ओढीने मुंग्या वेलीवर वावरतात आणि पाने खाणाऱ्या किडींना काही प्रमाणात दूर ठेवतात. बोंडात चार बिया धरतात. त्यांचे कवच कठीण व लवदार असते. त्या खाऱ्या पाण्यावर महिनोन्महिने तरंगूनही रुजण्याची क्षमता टिकवून ठेवतात. उष्ण कटिबंधातील बहुतेक सर्व वालुकामय किनाऱ्यांवर ही वेल आढळते, ती याच सागरी प्रवासामुळे.

मर्यादवेल एकटी नसते. तिच्या सोबतीला ‘रावणाच्या मिशा’ हे काटेरी गोल तुऱ्यांचे गवत असते. अबईच्या कुळातील एक किनारी वेलही असते, तिच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या गाठी असतात. याशिवाय वाळूतील लव्हाळे येते. या पहिल्या फळीच्या मागे निर्गुडी व केवडा, आणि त्यामागे उंडी, भेंड यांसारखे वृक्ष असा क्रम अबाधित किनाऱ्यावर पाहावयास मिळतो. मागची प्रत्येक फळी पुढच्या फळीच्या आडोशावर जगते.

टेकडीच्या पोटातील गोडे पाणी

वाळूची टेकडी वाऱ्याला व लाटेला अडविते, हे किनाऱ्यावरील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तिचे दुसरे काम मात्र क्वचितच लक्षात घेतले जाते, आणि वाडीच्या दृष्टीने ते अधिक मोलाचे आहे.

पावसाचे पाणी वाळूत झटकन मुरते. ते खाली गेल्यावर समुद्राकडून आत शिरलेल्या खाऱ्या पाण्यात लगेच मिसळून जात नाही. गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते आणि टेकडीच्या पोटात गोड्या पाण्याचे भिंग तयार होते. भूजलशास्त्रातील प्रसिद्ध नियमानुसार, समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर तत्त्वतः समुद्रपातळीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असू शकते. याचा उलट अर्थ असा की, वरची पातळी अर्ध्या मीटरने उतरली तर खालचे खारे पाणी सुमारे वीस मीटर वर सरकण्यास मोकळे होते. प्रत्यक्षात थरांची रचना, उपसा आणि भरती-ओहोटी यांमुळे आकडे बदलतात, तरी दिशा हीच राहते.

टेकडी सपाट केली, तिची वाळू उचलून नेली किंवा ती वाऱ्याने झिजू दिली, तर पाणी साठविणारी जागाच कमी होते. मग एप्रिल-मे महिन्यांत वाडीतील विहीर मचूळ होते. अशा वेळी दोष बहुधा पंपाला, शेजाऱ्याच्या उपशाला किंवा कमी पावसाला दिला जातो. ती कारणे खरीही असू शकतात, पण पुळणीकडे चार पावले चालत जाऊन टेकडीची स्थिती पाहिल्याखेरीज निदान पूर्ण होत नाही. वायंगणी भाजीपाला, नवी नारळाची रोपे आणि गुरांचे पाणी या साऱ्यांचा भार ज्या विहिरीवर आहे, तिचे छत म्हणजे ही टेकडी होय. ते छत जागेवर राखण्याचे काम वेल करते.

पावसाळ्यातील मोठ्या लाटा टेकडीचा पायथा खातात आणि समुद्र शांत झाल्यावर लाटा व वारा ती वाळू पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकतात. हा वार्षिक व्यवहार आहे. पावसाळ्यानंतर पायथा उभा कापलेला दिसला की किनारा संपला, असे समजण्याचे कारण नाही. परत येणारी वाळू अडविणारी वेल तेथे नसेल, तर मात्र ती वाळू पुढे उडून जाते. ती वाडीत, आगरात, रस्त्यावर पडते आणि टेकडीचे खाते दरवर्षी तुटीत जाते. देशातील किनाऱ्याच्या १९९० ते २०१८ या काळातील बदलांचा आढावा चेन्नई येथील राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने घेतला. त्यानुसार सुमारे ३३.६ टक्के किनारा धुपेखाली आहे. धुपेची कारणे बंदरे, बंधारे, नद्यांवरील धरणे अशी अनेक आहेत. सगळ्यांवर वेल हा उपाय नव्हे.

टेकडी शाबूत असण्याचे मोल २००४ च्या त्सुनामीत दिसून आले. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे अँटोनियो मास्कारेन्हास यांनी त्यानंतर तमिळनाडूच्या किनाऱ्याची सहकाऱ्यासह पाहणी केली. जेथे वाळूच्या टेकड्या व त्यांवरील वनस्पती टिकून होत्या, तेथे त्यांनी मागच्या भागाला संरक्षण दिल्याचे त्यांनी नोंदविले.

स्वच्छतेच्या नावाखाली

मर्यादवेलीला सध्या सर्वांत मोठा धोका समुद्रापासून नाही. पर्यटनासाठी पुळण ‘मोकळी’ करताना ट्रॅक्टरने वाळू समतल केली जाते, वाहनतळासाठी टेकडीचा पायथा कापला जातो, आणि स्वच्छता मोहिमेत प्लास्टिकबरोबर वेलही ‘रान’ म्हणून उपटली जाते. हेतू चांगला असतो, म्हणूनच हे अधिक खटकते. वाळूवरून दररोज जाणारी चारचाकी वाहने पेऱ्यांवरील कोवळी मुळे तोडतात आणि एकदा पडलेल्या चाकोरीतून वारा टेकडी पोखरू लागतो.

या नुकसानीत नामसाधर्म्याचाही वाटा आहे. बेंगळुरूच्या तलावांपासून विदर्भाच्या नाल्यांपर्यंत माजलेला बेशरम हा अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातून आलेला झुडूपवजा तणप्रकार. तोही आयपोमिया याच प्रजातीतील, फुलेही तशीच फिकट जांभळी. तणनिर्मूलनाच्या सूचनांत ‘आयपोमिया’ एवढाच शब्द आला आणि खालच्या पातळीवर त्याचा सरसकट अर्थ लावला गेला, तर मर्यादवेल नाहक बळी पडते. ओळख अवघड नाही. बेशरम उभा वाढतो, गोड्या पाण्याच्या काठी असतो आणि त्याचे पान लांबट, टोकदार असते. मर्यादवेल वाळूवर सरपटते आणि तिचे पान टोकाशी दुभंगलेले असते. पान पाहिले की शंका उरत नाही.

सुरूच्या लागवडीबाबत थोडे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. सुरू हा आपल्या पश्चिम किनाऱ्याचा मूळ वृक्ष नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारवारच्या किनाऱ्यावर तो प्रथम जळणासाठी लावला गेला आणि पुढे सर्वत्र पसरला. वारा अडविण्यासाठी त्याचा उपयोग झाला, हे नाकारता येत नाही. परंतु त्याच्या सुयांचा जाड थर व दाट सावली यांत मर्यादवेल तग धरत नाही, आणि टेकडीच्या अगदी समुद्राकडील कडेवर लावलेला सुरू पायाखालची वाळू गेली की मुळांसह उलटतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड व उत्तर रत्नागिरीतील नारळ-सुपारीच्या बागांचे केलेले नुकसान सर्वांच्या स्मरणात आहे. अशा वाऱ्यापुढे वेल झाड वाचवू शकत नाही, तो दावा कोणी करू नये. वेलीचे काम वाळूपुरते आहे. म्हणून सुरू लावावयाचाच असेल तर तो टेकडीच्या मागे असावा. पुढचा उतार वेल आणि गवताचा आहे.

कायद्याची बाजूही विस्तार कार्यकर्त्यांनी जाणून घ्यावी. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची. सध्या लागू असलेल्या २०१९ च्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्यांचा समावेश परिस्थितिकीयदृष्ट्या संवेदनशील अशा ‘सीआरझेड-१ अ’ या वर्गात होतो. ग्रामपंचायतीने सुशोभीकरणाचा ठराव करण्यापूर्वी ही बाब तिच्या निदर्शनास आणून देणे हे विस्तार कार्यकर्त्याच्या कामाचा भाग समजावे.

पुनर्लागवड कशी करावी

वेल थोडी जरी शिल्लक असेल, तर पहिला उपाय लागवडीचा नसून मोकळीक देण्याचा आहे. पुळणीवर उतरण्यासाठी एकच पायवाट ठरवावी, तीही वाऱ्याच्या दिशेला सरळ न ठेवता तिरकी. उर्वरित भागात वाहने व गुरे जाणार नाहीत एवढे पाहिले, तरी वेल स्वतःहून पसरते.

वेल पूर्ण नाहीशी झालेल्या ठिकाणी छाट लावावी. त्याच किंवा शेजारच्या किनाऱ्यावरील निरोगी वेलीची, ३० ते ४५ सेंटीमीटर लांबीची, चार-पाच पेरी असलेली, फार कोवळी नसलेली खोडे निवडावीत. एकाच वेलीची सर्व छाटे घेऊ नयेत. वर सांगितल्याप्रमाणे स्वपरागावर फळ धरत नसल्याने, एकाच वेलीपासून तयार झालेल्या पट्ट्यात फुले भरपूर येतील, पण बी धरणार नाही. छाटाचा दोन तृतीयांश भाग ओलसर वाळूत तिरपा पुरावा आणि शेंड्याकडील भाग वर ठेवावा. दोन छाटांत सुमारे एक मीटर अंतर पुरेसे होते.

हंगामाबाबत घाई करू नये. मृगाच्या पावसात छाट लवकर फुटते हे खरे, परंतु त्यानंतरच्या दोन महिन्यांत टेकडीच्या पायथ्याशी केलेली लागवड लाटा धुऊन नेण्याची शक्यता मोठी असते. समुद्र शांत होऊ लागतो तो नारळी पौर्णिमेच्या सुमारास. त्यानंतरही परतीच्या पावसापर्यंत ओल मिळत राहते. पायथ्याच्या ओळी तेव्हाच लावाव्यात. टेकडीच्या वरच्या उतारावर मात्र जूनच्या अखेरीपासून लागवड करण्यास हरकत नाही. लागवडीच्या मागे नारळाच्या झावळ्यांचा गुडघाभर उंचीचा, थोडा विरळ कूड घालावा. पूर्ण बंद कुडाच्या पायथ्याशी वारा वाळू उकरतो, विरळ कूड ती अडवितो. ऑक्टोबरनंतर पहिले काही आठवडे पाणी देता आले तर छाटे अधिक जगतात.

बियांपासून रोपे करावयाची असल्यास कठीण कवच काचकागदावर एका बाजूने घासून बिया रात्रभर पाण्यात भिजवाव्यात. न घासलेले बी दीर्घकाळ तसेच पडून राहते. रोपवाटिकेतील माध्यमात वाळूचेच प्रमाण अधिक ठेवावे. समृद्ध खतमातीत वाढलेले रोप टेकडीवर नेल्यावर दमते.

दोन सावधगिरीच्या सूचना. रताळ्यावरील सोंड्या भुंगा मर्यादवेलीवरही जगतो. कोकणात रताळ्याचे क्षेत्र लहान असले तरी किनाऱ्यालगत रताळे घेणाऱ्या गावांत छाटे लावण्यापूर्वी खोड चिरून आत बोगदे नाहीत ना, याची खात्री करावी. रताळ्याच्या शेतात कामगंध सापळे लावावेत आणि काढणीनंतरचे वेल व किडके कंद बांधावर न टाकता नष्ट करावेत. सापळ्यांची माहिती तिरुवनंतपुरम येथील केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेकडून मिळू शकते. दुसरे असे की, मर्यादवेल चारा म्हणून देऊ नये. या कुळातील अनेक वनस्पतींच्या बियांत विषारी अल्कलॉइडे असतात. जेलीफिशच्या दंशावर तिचा पाला बाहेरून लावण्याची प्रथा अनेक देशांच्या किनाऱ्यांवर आहे आणि थायलंडमध्ये त्यावर संशोधनही झाले आहे. मात्र घरगुती प्रयोगाने पोटात घेण्याची ही वनस्पती नव्हे.

लागवड यशस्वी झाली की नाही, हे हिरवाई पाहून ठरवू नये. टेकडीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत, प्रत्येक पाच मीटरवर एक, अशा बांबूच्या खुंट्या खोल ठोकाव्यात आणि प्रत्येकीवर सेंटीमीटरच्या खुणा कराव्यात. वर्षातून दोनदा, नारळी पौर्णिमेला व शिमग्याला, वाळूची पातळी कोणत्या खुणेवर आहे ते वहीत लिहावे. त्याच वहीत मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वाडीच्या विहिरीतील पाण्याची पातळी व क्षारता नोंदवावी. क्षारता मोजण्याचे छोटे उपकरण माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत असते. ते नसेल तर बाटलीत नमुना भरून, तारीख लिहून तेथे पाठवावा.